वाट नसलेल्या उंच डोंगरात हलकं जायचं, तर वजन नेमकं कुठे कमी करायचं?

तुमचा प्रश्न मला असा समजला. तुम्ही आणि तुमचा मित्र चार दिवसांत ५२ किलोमीटर चालणार आहात. मध्ये ४,५०० मीटरच्या आसपासच्या दोन खिंडी आहेत आणि पहिला अर्धा दिवस सोडला तर कुठेही पायवाट नाही. खाणं, पाणी आणि गॅस वगळून प्रत्येकाच्या सॅकचं वजन, म्हणजे बेस वेट, ५ किलो २०० ग्रॅमवर आलंय. ते साडेचार किलोपर्यंत आणण्यासाठी तुम्ही चार बदल सुचवलेत: तंबूऐवजी टार्प (दोरीने ताणायचं साधं कापडी छप्पर), फुगवायच्या मॅटऐवजी फोमचा पातळ तुकडा, स्टोव्हला सुट्टी आणि नकाशासाठी फक्त फोन. यातलं काय चालेल?

थोडक्यात सांगायचं तर स्टोव्ह आणि मॅट ठेवा, टार्पचं उत्तर जागेवर अवलंबून आहे आणि फोन एकटा पुरत नाही. पण मला तुमच्या यादीपेक्षा तुमचं वेळापत्रक खटकलं. दिवसाला १३ किलोमीटर हा आकडा पायवाटेवरचा आहे. तो तसाच ठेवला तर बेस वेट चार किलो करा नाहीतर सहा, ट्रेक अडकणार आहे.

हिशोब करून बघू. १८९२ साली विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक नियम मांडला. दर ५ किलोमीटरला एक तास धरायचा आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. १३ किलोमीटर आणि ९०० मीटर चढ असलेला दिवस या नियमाने चार तासांच्या थोडा वर जातो. बहुतेक ॲप आजही वेळेचा अंदाज देताना अशाच प्रकारचं गणित करतात, म्हणून तुम्हाला तो दिवस सोपा दिसला असणार. आता तोच दिवस वाट नसताना. समजा त्यातले ८ किलोमीटर गवताळ किंवा बारीक खडीचे आहेत आणि ५ किलोमीटर मोठ्या धोंड्यांचे नि घसाऱ्याचे, म्हणजे सुट्या दगडांच्या घसरत्या उताराचे. गवतावर मी ताशी ३ किलोमीटर धरतो, म्हणजे दोन तास चाळीस मिनिटं. धोंड्यांवर ताशी १ किलोमीटर, म्हणजे पाच तास. धोंडे ओले किंवा हलते असतील तर हाही वेग मिळत नाही. चार हजार मीटरच्या वर चढाईचा वेग मी ताशी ३०० मीटरच धरतो, त्याचे तीन तास. बेरीज दहा तास चाळीस मिनिटं. यात खाणं, नकाशा बघणं, ओढा ओलांडायची जागा शोधणं, चुकीच्या घळीतून परत वर येणं यांपैकी काहीही धरलेलं नाही. असा दिवस एखादा निघतो. विरळ हवेत सलग चार निघत नाहीत.

म्हणून अशा प्रदेशात मी दिवसाला सात-आठ किलोमीटर धरतो आणि तेवढे झाले की समाधानी असतो. त्या वेगाने तुमचे ५२ किलोमीटर सात दिवसांचे होतात. दिवसाला माणशी साधारण ६५० ग्रॅम कोरडं खाणं लागतं, तेव्हा वाढीव तीन दिवसांचे जवळजवळ दोन किलो झाले. तुमची ७०० ग्रॅमची सगळी खटपट या एका ओळीत पुसली जाते. माझा सल्ला असा की दिवस वाढवू नका, मार्ग छोटा करा. एकच खिंड, तीसेक किलोमीटर, चार दिवस आणि पाचव्या दिवसाचं खाणं राखीव. तसं केलंत तर पहिल्या सकाळी पाठीवर काय असेल बघा: बेस वेट ५.२, खाणं ३.२५, एक लिटर पाणी म्हणजे १, गॅस ०.३. पावणेदहा किलो. वाट नसलेल्या डोंगरासाठी हे उत्तम वजन आहे.

हलकं असण्याच्या मी विरोधात नाही, उलट पायवाट सुटली की त्याची किंमत जास्त कळते. गुडघ्याएवढ्या पायऱ्या, एका धोंड्यावरून दुसऱ्यावर टाकलेलं पाऊल, हातांनी धरून केलेली चढाई, या सगळ्यात पाठीवरचं वजन तोल बिघडवतं. १४ किलो आणि १० किलो यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण १० किलो आणि ९.३ किलो यांतला फरक दुपारी तीन वाजता धोंड्यांवर तुम्हाला जाणवणार नाही. रात्री दोन वाजता मात्र वगळलेली मॅट नक्की जाणवेल.

दुसरा मुद्दा लोक सहसा लक्षात घेत नाहीत. हलक्या सामानाचं सगळं गणित तुम्ही चालत आहात या गृहीतकावर उभं असतं. चालताना अंग गरम राहतं, पाऊस लागला तर खाली उतरता येतं, वाईट जागी मुक्काम टाळून पुढे जाता येतं. पायवाटेवर हे गृहीतक बहुधा खरं ठरतं. वाट नसताना दोन धोंड्यांच्या फटीत घोटा अडकून मुरगळला की एका क्षणात तुम्ही न चालणारा माणूस होता, आणि तिकडून दुसरं कोणी जाणार नसतं. म्हणून प्रत्येक वस्तूला मी एकच प्रश्न विचारतो: मी एका जागी चोवीस तास अडकलो तर ही वस्तू काय करेल? या प्रश्नाने तुमच्या चारही बदलांची उत्तरं मिळतात.

मॅटपासून सुरुवात करू. स्लीपिंग बॅगवर छापलेला तापमानाचा आकडा प्रयोगशाळेत मॅटवर ठेवून मोजलेला असतो. खालच्या बाजूची पिसं किंवा कृत्रिम भरण तुमच्या वजनाने दबतं, त्यामुळे जमिनीकडून येणारी थंडी अडवायचं काम जवळपास पूर्ण मॅटचंच असतं. मॅटवर आर व्हॅल्यू, म्हणजे थंडी अडवण्याच्या क्षमतेचा आकडा, लिहिलेली असते. फोमच्या नेहमीच्या मॅटची ती दोनच्या आसपास असते. गोठलेल्या जमिनीवर किंवा बर्फावर झोपायची शक्यता असेल तर मला चार तरी हवी असते. आर व्हॅल्यूंची बेरीज होते, त्यामुळे फुगवायची मॅट आणि तिच्याखाली फोमचा छोटा तुकडा ही जोडी चांगली जमते. टोकदार खड्यांवर मॅट फुटली तरी पाठीखाली काहीतरी उरतं. बॅगेवर 'कम्फर्ट' आणि 'लिमिट' असे दोन आकडे असतील तर 'कम्फर्ट' बघून निवडा. उंचीचा हिशोब असा करा की दर १,००० मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. ३,००० मीटरवरच्या गावाचा पहाटेचा अंदाज १२ अंश असेल तर ४,५०० मीटरवर दोन अंश धरा. निरभ्र रात्री खोलगट जागी थंड हवा साचते, तिथे याहूनही कमी.

स्टोव्ह ठेवा असं म्हणतोय ते गरम जेवणाच्या हौसेसाठी नाही. उंचावर पहाटे पाण्याचे प्रवाह गोठलेले असू शकतात, आणि मग बर्फ वितळवणं हाच पाण्याचा एकमेव मार्ग उरतो. कुडकुडणाऱ्या माणसाच्या हातात गरम गोड पेय देता येणं हीसुद्धा सोय आहे. ४,५०० मीटरवर पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे शिजवत बसावं लागणारं काही नेऊ नका. गरम पाणी ओतून झाकून ठेवलं की तयार होईल असंच न्या. गॅसचा डबा घेताना आत काय आहे ते वाचा. साधा ब्यूटेन शून्य अंशाच्या जवळच वायू व्हायचं थांबवतो, आयसोब्यूटेन उणे १२ च्या आसपास, प्रोपेन त्याच्याही खूप खाली. आयसोब्यूटेन-प्रोपेन मिश्रण घ्या आणि डबा रात्री स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी ठेवा. दोघांत एक स्टोव्ह आणि एक भांडं पुरतं. तुमच्या यादीत दोन दिसले. वजन कमी करायची पहिली जागा हीच.

टार्प. झाडी असेल, वारा अडेल अशी जागा निवडायची मुभा असेल, तर टार्पसारखं सुख नाही. पण झाडांच्या रेषेच्या वर आणि तेही वाट नसताना मुक्कामाची जागा आपण निवडत नाही, अंधार निवडतो. जमिनीत खुंटी शिरत नाही, दोरी दगडाला बांधावी लागते आणि वारा रात्रीतून दिशा बदलतो. मी दोघांत चालण्याच्या काठ्यांवर उभा राहणारा, चारी बाजूंनी जमिनीपर्यंत येणारा छोटा निवारा नेतो. ७००-८०० ग्रॅमचा असतो, माणशी ४०० पडतात. एक काळजी घ्या: धोंड्यांच्या फटीत काठ्या मोडतात. एकाच काठीवर निवारा कसा उभा करायचा ते आधी करून बघा. आणि धोंड्यांवर चालताना काठीचा पट्टा मनगटात अडकवू नका. काठी अडकली तर हात सोडवता आला पाहिजे. धोंडे फारच मोठे असतील तर काठ्या सॅकमध्ये टाका आणि हात मोकळे ठेवा.

सॅकबद्दल एवढंच की अतिपातळ कापड इथे नको. पायवाटेवर सॅकला दगड घासत नाही, इथे दिवसातून पन्नास वेळा घासतो. बाजूच्या जाळीचे खिसे सगळ्यात आधी फाटतात. बाटल्या आत, मॅट आत, बाहेर काहीही लोंबकळत नको. जाड कापडाच्या सॅकचे दीड-दोनशे ग्रॅम मी आनंदाने वाहतो. पावसाच्या कोटाचंही तेच.

आता नकाशा. मला विचाराल तर तुमच्या ट्रेकचा निकाल इथे लागणार आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

फोन तुम्ही कुठे आहात ते अचूक सांगतो, पुढे काय आहे ते सांगत नाही. ते कंटूर रेषांवरून, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांवरून, वाचायचं असतं आणि त्यांनाही मर्यादा आहे. दोन रेषांमध्ये उंचीचा फरक ४० मीटर असेल तर ३० मीटरचा कडा त्या दोन रेषांच्या मधे पूर्ण लपू शकतो. ॲपमधले उताराचे रंग आणखी फसवे. जगभरातल्या अशा बऱ्याच नकाशांच्या मुळाशी २००० साली अंतराळयानातून केलेली रडार मोजणी आहे. ती साधारण ३० मीटरच्या चौकटीत आहे, त्यामुळे छोटे कडे गुळगुळीत उतार होऊन दिसतात. तीव्र डोंगरउतारांवर तर त्या मोजणीत मुळातच रिकाम्या जागा राहिल्या होत्या आणि त्या नंतर इतर स्रोतांवरून किंवा अंदाजाने भरल्या गेल्या. म्हणजे जिथे माहिती सगळ्यात जास्त हवी तिथेच ती कच्ची.

तरी नकाशातून बरंच काढता येतं. १:५०,००० चा नकाशा आणि दोन रेषांमध्ये उंचीचा फरक २० मीटर असेल, तर रेषा एकमेकींपासून १ मिलिमीटरवर असताना उतार सुमारे २२ अंश असतो आणि अर्ध्या मिलिमीटरवर सुमारे ३९. सुटा घसारा साधारण ३० ते ३७ अंशांत स्थिरावतो. त्याहून तीव्र उतारावर तो टिकतच नाही, खाली येतो. याचा अर्थ नकाशावर चाळीसच्या वर उतार दिसला तर तिथे घसारा नसून कातळ आहे, किंवा वर बारीक खडे पसरलेला कातळ, जो सगळ्यात वाईट. तुमच्या दुसऱ्या खिंडीच्या पलीकडच्या बाजूला वर्णनावरून असंच काहीतरी आहे असा मला संशय येतो. उपग्रहाच्या चित्रांत वेगवेगळ्या ऋतूंतली आणि वेळांची चित्रं बघा. कड्याची सावली पडते, उताराची नाही.

यावरून दिशेचा प्रश्न येतो. खिंडीची एक बाजू तीव्र आणि एक सौम्य असेल तर तीव्र बाजू चढा, सौम्य बाजू उतरा. चढताना समोरचं दिसतं आणि जमलं नाही तर आल्या पावली परत फिरता येतं. उतरताना बाहेर फुगलेल्या उताराची खालची बाजू दिसतच नाही, आणि सौम्य वाटणारी सुरुवात कड्यावर संपू शकते. माझा पक्का नियम आहे: जे परत चढून येता येणार नाही ते उतरायचं नाही. उडी मारून, घसरत, दोरीने सॅक खाली सोडून पुढे जायचा मोह होतो. दोन कड्यांच्या मधल्या टप्प्यावर अडकलेली माणसं बहुतेक असंच करून तिथे पोचलेली असतात. तुम्ही आखलेला फेरा उलटा केला तर पहिली खिंड योग्य दिशेने पडते, तेवढं नक्की करा.

कागदी नकाशा आणि होकायंत्र मिळून शंभरेक ग्रॅम होतात. थंडीत फोनची बॅटरी झपाट्याने उतरते, ओल्या हातमोज्यांना पडदा दाद देत नाही, आणि संपूर्ण दरी एका नजरेत बघायला कागदच बरा. फोन अंगाजवळच्या खिशात ठेवा. सॅटेलाइटवरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र नेता आलं तर त्यासारखं नाही, पण काही देशांत ते परवान्याशिवाय बाळगणं गुन्हा आहे, तेव्हा आधी कायदा बघा.

जमिनीवरचे काही इशारे. ज्या दगडांवर दगडफूल वाढलंय ते बरीच वर्षं हललेले नाहीत. फिकट, स्वच्छ, धारदार कडांचे दगड नुकतेच आलेत. मात्र दगडफूल ओलं असलं की निसरडं होतं. हिमनदीच्या कडेच्या मोरेनची (हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीच्या बांधाची) आतली भिंत टाळा, ती घट्ट मातीत अडकलेल्या सैल धोंड्यांची असते. तिच्या माथ्यावरून किंवा माथा आणि डोंगर यांच्या मधल्या चिंचोळ्या दरीतून चालणं सोपं पडतं. घळीत दोघं एकमेकांच्या वर-खाली लांब अंतरावर राहू नका. एकतर इतकं जवळ राहा की सुटलेल्या दगडाला वेग यायच्या आत तो खालच्यापर्यंत पोचेल, नाहीतर एक जण आडोशाला थांबेल आणि दुसरा पार होईल. अशी घळ मार्गात असेल तर हेल्मेट न्या. बर्फाच्या पाण्यावरचे ओढे संध्याकाळकडे फुगतात, पहाटे सगळ्यात कमी असतात, म्हणून ओढ्याच्या पलीकडे मुक्काम करण्यासाठी संध्याकाळी जीव धोक्यात घालू नका, अलीकडेच झोपा.

बर्फाबद्दल ठाम उत्तर मी देऊ शकत नाही, कारण तुम्ही महिना लिहिलेला नाही. खिंडीवर कडक बर्फाचा तीव्र उतार असेल आणि घसरल्यावर थांबायला खाली सुरक्षित सपाटी नसेल, तर आइस ॲक्स (बर्फात रोवायचं कुदळीसारखं हत्यार) आणि ते वापरायचा सराव हवाच; धावायच्या मऊ बुटांनी तिथे पायऱ्या पाडता येत नाहीत. बुटांना अडकवायचे छोटे काटे सौम्य उतारासाठी असतात, ते क्रॅम्पॉनची, म्हणजे कडक बर्फात रुतणाऱ्या मोठ्या काट्यांची, जागा घेत नाहीत. बर्फ नसेल तर धावायचे चांगल्या तळाचे बूट गवत आणि स्थिर धोंड्यांवर मला जड बुटांपेक्षा आवडतात.

आणि उंची. ३,००० मीटरच्या वर झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक विश्रांती घ्यायची, हा नियम तुम्हाला माहीत असेलच. वाट नसताना त्यात एक भर पडते. डोकेदुखी, मळमळ, चक्कर वाढत गेली किंवा बसल्या जागी धाप लागली, सरळ रेषेत एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाचं बोट लावून चालता येईना, तर लगेच खाली उतरायचं असतं. तुमच्या मार्गात दोन खिंडींच्या मधे एक बंद दरी आहे. तिथून बाहेर पडायला दोन्हीकडे चढावं लागतं आणि दरीचं पाणी खाली एका अरुंद घळीत जातंय असं नकाशावर दिसतं. आजारी माणसाला घेऊन तिथून उतरता येईल की नाही हे निघण्याआधी कळायला हवं. कळत नसेल तर त्या दरीत मुक्काम नको. दुसरी खिंड वगळा असं मी वर म्हटलं त्यामागचं मोठं कारण हेच.

तरीही ७०० ग्रॅम काढायचेच असतील तर ते दुसऱ्या स्टोव्हमध्ये, दुसऱ्या भांड्यात, दोन वेगळ्या औषधांच्या पिशव्यांत, बदलायच्या कपड्यांत आणि 'असू दे' म्हणून ठेवलेल्या पॉवर बँकेत आहेत. मोजे आणि झोपायचा एक कोरडा जोड ठेवा, बाकी कपडे अंगावरचेच. थांबल्यावर घालायचं जाड जाकीट मात्र कमी करू नका. पाणी नेहमी भरून वाहू नका. ओढे भरपूर असतील तर तिथेच पोटभर प्यायचं आणि बाटलीत एक लिटर. हे सगळं धरून तुम्ही साडेचारपर्यंत पोचाल असं मला वाटतं, आणि पाचव्या दिवसाचं राखीव खाणं त्या वाचलेल्या वजनात बसेल.

निघण्याआधी एक काम करा. धोंड्यांनी भरलेलं कोरडं नदीपात्र किंवा डोंगराच्या पायथ्याचा ढिगारा शोधा, पूर्ण भरलेली सॅक घेऊन दोघं मिळून त्यावरून एक किलोमीटर चाला आणि घड्याळ लावा. ती वेळ कमी उंचीवरची असेल, म्हणून तिच्यात निदान एक तृतीयांश भर घाला आणि तो आकडा वरच्या हिशोबात माझ्या ताशी १ किलोमीटरच्या जागी घाला. तो आकडा, ट्रेकचा महिना आणि दुसऱ्या खिंडीचा नकाशा पाठवलात तर त्या उताराबद्दल आणखी नेमकं सांगता येईल.